काळ्या तेलाची फुकट ऊब

वाहनाच्या इंजिनातून निथळून बाहेर पडणारे जुने वंगणतेल, ज्याला गॅरेजच्या बोलीत 'काळं ऑइल' किंवा 'जळकं ऑइल' म्हणतात, हे महाराष्ट्रातील बहुधा असे एकमेव द्रव्य असावे, ज्याला टाकाऊ कोणीच मानत नाही आणि ज्याचा हिशेबही कोणीच ठेवत नाही. बैलगाडीच्या आखाला ते चालते, स्लॅब ओतताना सेंटरिंगच्या प्लेटांना काँक्रीट धरू नये म्हणून ते फासले जाते, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून त्याचा एक हात मारला जातो, पावसाळ्यात बंब पेटत नसेल तर त्यात भिजवलेला चिंधीचा बोळा आत सारला जातो, आणि एवढ्या सगळ्यांची गरज भागूनही जे उरते, ते कुठल्या तरी भट्टीत जाळले जाते. या जाळण्याच्या मुळाशी एक पक्की विचारसरणी असून अभ्यासाच्या सोयीसाठी तिला 'फुकट-उष्णतावाद' म्हणता येईल. डांबर आणि खडी मिसळणाऱ्या प्लांटांपासून ओतकामाच्या छोट्या भट्ट्यांपर्यंत तिचे अनुयायी आढळतात, आणि 'घरच्या घरी शेगडी बनवा' असे सांगणाऱ्या मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे तिला अलीकडे कीर्तनकारही लाभले आहेत.

या विचारसरणीचे पहिले प्रमेय असे की, काळ्या तेलात उष्णता भरपूर असते. आणि निःपक्षपातीपणे पाहिल्यास हे प्रमेय बिनचूक आहे. उष्मांक, म्हणजे एक किलो इंधन पूर्ण जळाल्यावर मिळणारी उष्णता, काळ्या तेलाच्या बाबतीत सुमारे १०,००० किलोकॅलरी भरतो, म्हणजे डिझेलच्या पंगतीला बसण्याइतका आणि आपल्याकडच्या सामान्य दगडी कोळशाच्या दुपटीहून अधिक. एका मोटारीच्या सर्व्हिसिंगमध्ये निघणाऱ्या चार लिटर तेलाचे वजन साडेतीन किलो धरले, तर त्यात सव्वातीन किलो एलपीजीइतकी उष्णता असते, १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा तो पाव हिस्साही नव्हे, पण फुकट मिळालेल्या वस्तूचे वजन करण्याची आपल्याकडे रीत नाही. दुसरे प्रमेय म्हणजे हे फुकटपण. हे तेल नवे असताना त्याचे पैसे वाहनमालकाने मोजलेले असतात, जुने झाल्यावर त्याच तेलाचे पैसे गॅरेजवाला भंगारवाल्याकडून लिटरमागे घेतो, भंगारवाला आपले चार पैसे लावून ते भट्टीवाल्याला देतो, आणि भट्टीवाला फर्नेस ऑइलपेक्षा स्वस्त पडले म्हणून समाधानाने झोपतो. म्हणजे जे तेल फुकट म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचे पैसे वाटेत तीनदा मोजले गेलेले असतात. चौथा खर्च भट्टीशेजारी राहणाऱ्यांकडे जातो, पण ते या व्यवहारात पक्षकार नसल्यामुळे त्यांची पावती फाडली जात नाही.

ज्या यंत्रावर या उष्णतेची प्राप्ती होते, ते पाहण्यासारखे असते. एक पत्र्याचे पिंप, त्याच्या तळाशी जाड लोखंडी ताटली, वर टांगलेल्या डब्यातून पितळी कॉकद्वारे थेंब थेंब गळणारे तेल, आणि बाजूने हवा मारणारा एखाद्या भंगार यंत्रातून काढलेला ब्लोअर, एवढ्यावर हे यंत्र उभे राहते. ते पेटवणे मात्र सोपे नसते. प्रज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगी लागताच पेट घेते ते तापमान, इंजिन ऑइलच्या बाबतीत साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतो, त्यामुळे आधी रॉकेलचा बोळा पेटवून ताटली तापवावी लागते आणि ती लाल होईपर्यंत आजूबाजूची वस्ती घट्ट, तेलकट, डोळे चुरचुरवणाऱ्या धुराचा लाभ घेते. गॅरेजच्या बॅरलमध्ये पावसाचे पाणी उतरलेले असेल तर प्रयोगाला आणखी रंगत येते. कारण पाणी तापलेल्या ताटलीवर पडताच त्याची वाफ होऊन ते मूळच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते, आणि ही जागा पेटत्या तेलाला बाहेर भिरकावूनच मिळत असते. अशा वेळी शेगडीचा निर्माता जवळ उभा असेल, तर त्याला भुवया परत उगवेपर्यंत तंत्रात सुधारणा करण्यास अवधी मिळतो.

तिसरे प्रमेय तात्त्विक असून तेच या पंथाचा प्राण आहे: जे जळते, ते संपते. येथे मात्र रसायनशास्त्राने पंथाची साथ सोडलेली दिसते. इंजिन ऑइल म्हणजे केवळ तेल नव्हे. घर्षणाने धातू झिजू नये म्हणून त्यात जस्त आणि फॉस्फरस यांची संयुगे घातलेली असतात, काजळी धुऊन निघावी म्हणून कॅल्शियमची संयुगे असतात, आणि हजारो किलोमीटर इंजिनात फिरताना त्यात लोखंड, तांबे, शिसे, क्रोमियम अशा धातूंचा बारीक कीस मिसळत जातो. शिवाय इंधनाच्या अर्धवट ज्वलनातून तयार होणारी बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बने, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बेंझिनच्या कड्यांची संयुगे, त्यात साठतात; या घराण्याचे नाव सुगंधी असले तरी त्यातील बेंझो-ए-पायरिन हे संयुग आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. ही संयुगे नष्ट व्हायला प्रखर तापमान, भरपूर हवा आणि पुरेसा वेळ लागतो, आणि पत्र्याच्या पिंपात यांपैकी एकही गोष्ट खात्रीने मिळत नाही. धातूंचा प्रश्न तर त्याहून सरळ आहे, कारण मूलद्रव्य कोणत्याही भट्टीत जळून नाहीसे होत नाही. ते राखेत उतरते किंवा अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने धुराड्यातून बाहेर पडते. इंजिनाच्या फिल्टरने जे मोठ्या कष्टाने गोळा केले आणि तेलाने जे वर्षभर पोटात सांभाळले, त्याचे समन्यायी वाटप अर्ध्या तासात करणारे साधन म्हणून या शेगडीकडे पाहिले, तर तिच्या कार्यक्षमतेबद्दल शंका उरत नाही.

बॅरलमध्ये तेलाखेरीज काय काय असते, हा एक स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. फिल्टर उलटा ठेवून निथळवलेला चिकट गाळ, ब्रेक ऑइल, रेडिएटरमधले हिरवे पाणी, सुटे भाग धुतलेले पेट्रोल, रंगकामातून उरलेला थिनर, असे जे जे नको ते ते त्याच बॅरलात जाते, कारण बॅरल कोणाला नाही म्हणत नाही. अमेरिकेतील मिझुरी राज्यात टाइम्स बीच नावाच्या गावाने या उदारतेची किंमत चुकवली आहे. तेथे १९७०च्या दशकात कच्च्या रस्त्यांवरची धूळ बसावी म्हणून टाकाऊ तेल फवारण्यात आले. त्या तेलात एका रासायनिक कारखान्याचा डायॉक्सिनयुक्त कचरा मिसळलेला होता, आणि पुढे १९८३ साली सुमारे दोन हजार वस्तीचे ते गावच्या गाव सरकारला विकत घेऊन रिकामे करावे लागले. फुकटच्या तेलाने धूळ बसली, हे मात्र कोणालाही नाकारता येणार नाही.

आता कायद्याकडे वळावे, कारण या विषयातील सर्वांत कल्पक साहित्य तेथेच आढळते. भारतात ४ एप्रिल २०१६ रोजी घातक व इतर कचऱ्यासंबंधीचे नियम लागू झाले आणि त्यांनी तेलाच्या दोन जाती ठरवल्या. वाहनाच्या इंजिनातून निघालेले ते 'वापरलेले तेल'. ते ठरावीक कसोट्यांना उतरले तर त्यावर पुन्हा प्रक्रिया करावी असे अपेक्षित आहे. रिफायनरी, जहाजे वगैरेंच्या टाक्यांच्या तळचा गाळ आणि सांडलेले तेल ते 'टाकाऊ तेल', आणि ते वेगळ्या कसोट्यांना उतरले तर भट्टीत इंधन म्हणून चालते. म्हणजे काळे ऑइल जाळायचेच असेल, तर ते आधी जहाजावरून सांडावे लागेल, अशी ही व्यवस्था आहे. नियमांच्या पाचव्या अनुसूचीत शिशाची मर्यादा दशलक्षात १०० भाग अशी स्वतंत्र दिलेली असली, तरी कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल या तिघांना एकत्र कुटुंबातील भावांप्रमाणे मिळून ५०० भागांची एकच मर्यादा आहे, आणि घरात कोणी किती खाल्ले हे विचारण्याची पद्धत नाही. अमेरिकेत जाळायच्या वापरलेल्या तेलासाठी कॅडमियमला २ आणि क्रोमियमला १० भाग असे वेगवेगळे मोजून दिले आहेत. तेथे एकत्र कुटुंबपद्धती रुजली नाही, त्याचा हा परिणाम असावा.

नियमांचा कळस म्हणजे वाहतुकीचे पत्रक. घातक कचरा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना 'नमुना १०' मध्ये सात प्रतींचे पत्रक भरायचे असते, आणि गोंधळ होऊ नये म्हणून सातही प्रतींचे रंग वेगवेगळे आहेत: पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि करडी. त्यातली कोणती पाठवणाऱ्याने ठेवायची, कोणती वाहतूकदाराला द्यायची, कोणती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायची, परराज्यातून माल आला असेल तर कोणती कोणाकडे वळवायची, हे सारे निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवलेले आहे. प्रत्यक्षात रात्री साडेनऊच्या सुमाराला एक तीनचाकी टेम्पो गॅरेजच्या मागच्या बाजूला लागतो, दोन माणसे २०० लिटरचे बॅरल फळीवरून ढकलत वर चढवतात, रोख पैसे हातावर टेकवले जातात, आणि टेम्पो निघून जातो. या संपूर्ण व्यवहारात एकच रंग असतो, आणि तो नियमांच्या यादीत नाही.

अमेरिकेचे उदाहरण काळेतेलवादी मोठ्या अभिमानाने देतात, आणि ते अर्धे खरे असल्यामुळे त्याची दखल घेणे भाग आहे. तेथील थंड राज्यांत, जिथे हिवाळ्यात गॅरेजमध्ये पान्हा हाताला चिकटतो, तिथे जुने तेल जाळून जागा उबदार ठेवण्याची खरोखरच मुभा आहे. मात्र ते तेल त्याच गॅरेजचे किंवा घरी स्वतः ऑइल बदलणाऱ्यांनी आणून दिलेले असावे लागते, हीटरची क्षमता ताशी पाच लाख ब्रिटिश उष्णता-एककांपेक्षा, म्हणजे तासाला साधारण १४ लिटर तेल जाळण्यापेक्षा, अधिक असून चालत नाही, आणि धूर छपराबाहेर सोडावा लागतो. बाजारातून बॅरले गोळा करून भट्टी चालवण्याचा यात समावेश नाही. इंग्लंडने तर एप्रिल २०१६ पासून, म्हणजे भारतीय नियम आले त्याच महिन्यात, गॅरेजमधील अशा छोट्या ज्वालकांची जुनी सवलत काढून त्यांना कचरा जाळणाऱ्या संयंत्रांच्या परवान्याखाली आणले, आणि खर्चाचा आकडा पाहून पुष्कळांनी ते बंद करणे पसंत केले. आपल्याकडे मेकॅनिकच्या अंगातून मे महिन्यात घामाच्या धारा वाहत असताना त्याच्या तेलातून ऊब मिळवण्याची एवढी तळमळ का असावी, याचा उलगडा हवामानशास्त्र करू शकत नाही. तो भंगाराच्या दरातच होतो.

याला पर्याय नाही असे मुळीच नाही, उलट पर्याय इतका चांगला आहे की त्याचा प्रचार कोणी का करत नाही याचे आश्चर्य वाटावे. वंगणतेल झिजत नाही, ते मळते. त्यातले पाणी, इंधन आणि गाळ काढून ते निर्वातात ऊर्ध्वपातित केले, म्हणजे कमी दाबाखाली उकळवून त्याची वाफ पुन्हा थंड केली, तर त्यातून साठ-सत्तर टक्के मूळ तेल परत मिळते आणि त्याचे पुन्हा इंजिन ऑइल करता येते. जाळलेले तेल एकदाच ऊब देते, हे तेल फिरून कामाला येते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर विस्तारित उत्पादक दायित्व टाकले, म्हणजे ज्याने तेल विकले त्यानेच ते जुने झाल्यावर पुन्हा उपयोगात आणण्याची व्यवस्था पाहावी असे ठरवले. पहिल्या वर्षाचे लक्ष्य ५ टक्के होते आणि ते टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत जायचे आहे. उरलेल्या तेलापैकी काही इंजिनातच खर्च होते हे खरे, पण बाकीच्याचे काय करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य तूर्त तीनचाकी टेम्पोकडे आहे.

दरम्यान शासनाची नजर धुरावर नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, आणि महापालिकेच्या नोटिसा पावाच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचल्या. त्या पोहोचू शकल्या, कारण बेकरीला पत्ता असतो, दारावर पाटी असते आणि सकाळी तिथे गिऱ्हाईकांची रांग असते. काळ्या तेलाच्या भट्टीला यांपैकी काहीच नसते, फक्त धुराडे असते, आणि धुराड्यावर नोटीस चिकटवण्याची सोय अद्याप झालेली नाही.

वाहनमालकाने पुढच्या सर्व्हिसिंगचे बिल हातात आल्यावर ते एकदा नीट वाचावे. त्यात नव्या ऑइलची किंमत असेल, फिल्टरची असेल, मजुरी असेल आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असेल. जुने ऑइल कुठे गेले याची ओळ मात्र नसेल. ती ओळ गॅरेजवाल्याकडे मागावी, आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याची पावती दाखवायला सांगावी. पावती मिळाली नाही, तर ते ऑइल टेम्पोत चढले असे खुशाल समजावे.