कंपनीच्या मॅडम

भंडारा जिल्ह्यात कुणी "बिल आमच्या कंपनीच्या मॅडम पाठवतील" असं म्हणाला, तर कंपनी म्हणजे त्याचं मोटार वायंडिंगचं दहा बाय बाराचं दुकान समजावं. मॅडम म्हणजे साकोली-लाखनीकडची बीकॉम झालेली एक ताई. या क्षणी ती एका हातानं वरणाला फोडणी देत असते आणि दुसऱ्या हातानं कानाशी फोन धरून व्हॉइस मेसेज ऐकत असते. व्हॉट्सअॅपवर तिनं नावाखाली 'व्हर्च्युअल असिस्टंट' लिहिलंय. सासूबाईंच्या मते ती दिवसभर मोबाइलात असते. दोघींचंही खरंच आहे.

पवनीचा नळफिटिंगवाला, तुमसरचा वायरिंगवाला, भंडाऱ्यातलं पितळी भांड्यांचं जुनं दुकान आणि उन्हाळी धानाच्या दिवसांत जळालेल्या मोटारींच्या ढिगात बसलेला वायंडिंगवाला, ही तिची गिऱ्हाइकं. यांतल्या एकानंही तिला समोर पाहिलेलं नाही.

वायंडिंगवाल्याचा मेसेज रात्री जेवणाच्या वेळी येतो, मागे ग्राइंडर चालू. "ताई, लिहून घ्या जी. काकाजीची मोटार, पाच एचपी. तार नवी भरली, बेरिंग दोन, बुश एक. आन मजुरी... मजुरी तुमीच पाहून लावा." कोणते काकाजी, हे तो सांगत नाही. आपल्याकडे ज्याच्या विहिरीवर मोटार आहे, तो कुणाचा ना कुणाचा काकाजी असतोच. ताई मोटारीचा फोटो मागवते, त्यावर खडूनं लिहिलेलं गावाचं नाव वाचते आणि काकाजी कोणते ते ओळखते. मजुरीही तीच लावते. ती बरोबरच असते, कारण मागच्या हंगामातल्या तशाच मोटारीचं बिल तिच्याकडे असतं, वायंडिंगवाल्याकडे नसतं.

नळवाल्याचं खातं भिंतीवर. बाथरूमच्या कोऱ्या प्लास्टरवर पेन्सिलीनं एल्बो, टी, पाइपाचे फूट, आणि उचल घेतलेल्या पैशांच्या उभ्या रेघा. काम संपलं की तो भिंतीचा फोटो पाठवतो. एकदा फोटो काढायच्या आतच घरमालकानं पुट्टी मारून घेतली आणि अख्खं बिल भिंतीत गेलं. नळवाला "जाऊ द्या जी" म्हणून मोकळा. ताईनं रंगाऱ्याचा नंबर काढला, तर तोही तिचंच गिऱ्हाईक निघाला. त्यानं आपले चौरस फूट दाखवायला पुट्टीआधीच भिंतीचा फोटो काढून ठेवला होता. एल्बो चौदाच्या चौदा सापडले.

जीएसटीचा कारभार वेगळा. वायरिंगवाल्याची वर्षाची उलाढाल सेवेसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. तरी त्याची हौस अशी: "थोडासा जीएसटी लावा ना जी, बिल भारी दिसते." नोंदणी नसेल तर कर घेताच येत नाही, असं ताईनं समजावलं. "मंग तो पंधरा आकडी नंबर तरी टाका, कोनाचाबी." ताई नाही म्हणाली. मग बिलावर लक्ष्मीचा फोटो टाकून द्यायचं ठरलं.

पितळी दुकानाच्या शेठजींचं भांडण जास्त तात्त्विक. बालाघाटच्या दुकानदाराला माल गेला की त्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे २७ नसून २३ असतात, आणि बिलात आयजीएसटी लागतो. शेठजी म्हणतात, "बालाघाटले आमची सोयरीक आहे. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. परराज्य कसलं?" इतिहास बिनचूक आहे, पण पोर्टलला तो भरायची जागा नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला पितळी भांड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हा मात्र शेठजींनी इतिहास काढला नाही. नवे दर लावले का, एवढंच दिवसभर विचारत राहिले.

पण बिल करणं हे तिचं खरं काम नव्हेच. चाळीस फूट विहिरीत दोरानं उतरून मोटार काढणारा गडी पैसे मागायची वेळ आली की पायाच्या अंगठ्यानं माती उकरतो. गावात सगळेच कुणी मामाजी, कुणी भाऊजी, मागायचं कुणाला? तेवढी बेशरमी तो महिन्याच्या ठराविक पैशात ताईकडून करून घेतो. ताई लिहिते, "नमस्कार काकाजी, आपली बाकी राहिली आहे." उत्तर येतं, "चुकारे आले की देतो." धान आधारभूत केंद्रावर मोजून दिलेलं असतं, पैसे खात्यात यायचे असतात. म्हणून तिच्या एक्सेलमध्ये 'चुकारे' नावाचा एक रकानाच आहे. तुमसर-मोहाडीकडे कुठल्या केंद्राचे पैसे आले, याची बातमी तिला वर्तमानपत्राआधी असते.

इकडे चौकात वायंडिंगवाला काकाजींना सांगत असतो, "मी त सोडूनच देलो असतो जी, पन कंपनीच्या मॅडम बहुत कडक आहेत." आणि संध्याकाळी ताईला त्याचा मेसेज: "काकाजीले आता काही टाकू नका, त्यांच्या घरी लगन आहे." त्या लग्नात अक्षदा टाकायला हा पहिल्या रांगेत.

पूर्वीच्या मुनीमजींना गादी होती, लोड होता, दिवाळीला वहीपूजनात मान होता. शेठजी अजून कोऱ्या चोपडीला कुंकू लावतात आणि तिचा फोटो ताईला पाठवतात, हिशोब टॅलीत. ताईचा मेहनताना निम्मा फोनपेवर येतो, निम्मा जयश्रीराम तांदळाच्या पोत्यात. पोतं ती संकोच न करता बाजारभावानं जमा धरते आणि उरलेल्या बाकीचा मेसेज त्याच दिवशी टाकते. जिल्ह्यात स्वतःचं बिल वेळेवर करणारी माझ्या पाहण्यातली ही एकच.

तेव्हा अनोळखी नंबरावरून "नमस्कार, आपली बाकी राहिली आहे" असा मेसेज आला, तर फसवणूक समजून खोडू नका. पावसाळ्याआधी नळ बसवून घेतला होता, त्याचं ते बिल आहे. आणि तुम्ही महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे असाल, तर चुकाऱ्याचं कारण तुम्हाला चालणार नाही. आजच भरून टाका.