बाहुलीला बारा टक्के

"ड्यूटी आहे," दारातला कुरियरवाला म्हणाला.

बिचाऱ्याची ड्यूटी संपत आली असेल, घाईत असेल, असं समजून मी म्हटलं, "हो हो, सही कुठे करू?"

"सही नंतर. आधी 3,864 रुपये."

2022 सालची ही गोष्ट. खोक्यात जपानहून मागवलेला सहा इंची रोबो होता. विमानाचं भाडं आणि विमा धरून तो मला बरोबर 5,000 रुपयांना पडला होता. निदान तोवर मी तसं समजत होतो. कुरियरवाल्याने दिलेला कागद मी दारातच वाचून काढला. परदेशातून खाजगी वापरासाठी टपालाने किंवा विमानाने मागवलेल्या वस्तूवर त्या वेळी 35 टक्के मूळ आयातकर होता. म्हणजे 1,750 रुपये. त्या करावर 10 टक्के सामाजिक कल्याण अधिभार, म्हणजे 175. आणि किंमत, कर, अधिभार या सगळ्याची मोळी बांधून तिच्यावर 28 टक्के जीएसटी, 1,939. एकूण 77.28 टक्के. करावर कर आणि त्या करावर पुन्हा कर हे गणित आमच्या गावच्या सावकाराला दाखवलं असतं तर त्याने पेन खाली ठेवून हात जोडले असते. त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की एका रोबोच्या निमित्ताने का होईना, माझ्या हातून समाजाचं 175 रुपयांचं कल्याण झालं.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने फक्त एकच आकडा ऐकला होता, तोही अर्धाच, कारण मूळ 5,000 मी अजून सांगितलेले नव्हते.

"खेळण्यावर एवढा कर?"

"खेळणं नाही ते. कलेक्टिबल आहे."

"मग परवा पोराने हात लावला तेव्हा 'माझ्या खेळण्याला हात लावू नकोस' म्हणून कोण ओरडलं?"

हा प्रश्न आमच्या घरात सुटलेला नाही. पण घरात सुटला नाही म्हणून मला वाईट वाटत नाही. तो सरकारांनाही सुटलेला नाही, कोर्टांनाही नाही.

खेळणं गोळा करणारा माणूस हा मुळात दुहेरी आयुष्य जगतो. घरी तो सांगतो, हे खेळणं नाही, गुंतवणूक आहे. कस्टमला सांगायची वेळ आली की म्हणतो, अहो गुंतवणूक कसली, साधं खेळणं आहे. दोन्ही ठिकाणी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्याकडे 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचा आयातकर 20 टक्क्यांवरून एकदम 60 वर गेला, 2023 मध्ये 70 वर. म्हणजे दुकानदाराने रीतसर कंटेनर भरून माल आणला तर त्याला हा दर. कारण उघड होतं. बाजार चिनी मालाने भरून गेला होता आणि देशी कारखाने, देशी कारागीर तग धरू शकत नव्हते. हे मला पटतं. अगदी मनापासून पटतं. फक्त मला हवा असलेला रोबो देशी कारागीर करत नाही, एवढीच अडचण आहे.

शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यावर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. तो नियम चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना लागू. त्यामुळे आमच्या जमातीत खोक्याच्या कोपऱ्यातल्या '15+' या अक्षरांना फार मान आहे. माझं वय पंचेचाळीस. आयुष्यात इतरत्र कुठेही त्याचा फायदा झाल्याचं मला आठवत नाही.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. जिन्यात भेटले तेव्हा मी माझी कर्मकहाणी ऐकवली. सहानुभूती मिळेल असं वाटलं होतं. काका म्हणाले, "अरे, महाराजांनीसुद्धा लावली होती जकात. 1671. बारदेशातून येणारं पोर्तुगीजांचं मीठ स्वस्त पडायला लागलं, व्यापारी तिकडे वळले, आपल्या मुलखातलं मीठ पडून राहायला लागलं. कुडाळच्या नरहरी आनंदरावांना पत्र गेलं, बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा. तुझा रोबो म्हणजे बारदेशचं मीठ रे." एवढं बोलून ते भाजी घेऊन वर गेले. आता ज्या माणसाने स्वतःला मावळा समजत बालपण काढलं त्याला अचानक आपण शत्रूचं मीठ खातो आहोत असं कळलं तर त्याने काय करावं? मी दोन दिवस कपाटाकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र मला आमच्या पंथातली सर्वांत लाडकी गोष्ट आठवली. ती अमेरिकेतली आहे आणि शब्दशः खरी आहे.

अमेरिकेच्या करपत्रकात एके काळी बाहुली वेगळी होती आणि खेळणं वेगळं. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, तिच्यावर 12 टक्के. माणूस नसलेल्या प्राण्याची, राक्षसाची, भुताखेताची प्रतिकृती म्हणजे खेळणं, त्याला 6.8 टक्के. माणसावर जास्त कर, राक्षसावर कमी. हे कोष्टक करणाऱ्याला जगाची चांगली समज असावी. तर टॉय बिझ नावाची कंपनी चीनमधून 'एक्स-मेन'च्या आकृत्या आणत असे. वुल्व्हरिन, ज्याच्या मुठीतून सुऱ्यांसारखी नखं बाहेर येतात, तो त्यांतला मोठा गडी. कस्टम म्हणालं, ही बाहुली, 12 टक्के काढा. कंपनी कोर्टात गेली आणि तिचे वकील उभे राहून सांगू लागले, की न्यायमूर्ती, हे लोक माणसं नाहीत. वर्षानुवर्षं खटला चालला. न्यायमूर्ती ज्युडिथ बार्झिले यांनी एकेक आकृती पाहिली, नखं पाहिली, शेपट्या पाहिल्या, आणि जानेवारी 2003 मध्ये निकाल दिला: माणसं नाहीत. 6.8 टक्के.

यातली मजा कळायला 'एक्स-मेन'चं कथानक माहीत हवं. त्या कथेत ही जन्मतः वेगळी निघालेली मंडळी जगाला एकच गोष्ट ओरडून सांगत असतात: आम्हीही माणसंच आहोत, आम्हाला माणसात घ्या. चाळीस वर्षं हे अंकामागून अंक सांगून झालं, आणि त्यांच्याच बाजूच्या वकिलांनी 5.2 टक्क्यांसाठी त्यांना माणसातून उठवलं. मला हे वाचून हसू आलं आणि मग बराच वेळ वुल्व्हरिनबद्दल वाईट वाटत राहिलं.

उलट जी. आय. जो. हा बंदूकधारी अमेरिकन शिपाई. 1964 साली हॅस्ब्रो कंपनीने तो बाजारात आणला तेव्हा मुलगे बाहुली हातात घेणार नाहीत या धास्तीने त्याला बाहुली म्हणायचंच नाही असं ठरवलं आणि 'ॲक्शन फिगर' हा शब्द रूढ केला. शब्द जगभर चालला, आजही आम्ही छाती फुगवून तोच वापरतो. पण कराचा प्रश्न कोर्टात गेला आणि 1989 साली वरच्या कोर्टाने शांतपणे सांगितलं, ही बाहुली आहे. बंदूक, हेल्मेट, हातबॉम्ब, सगळं धरून बाहुली. हा निकाल मी बायकोला कधीही दाखवलेला नाही.

मला राहून राहून वाटतं, या कोर्टापुढे एकदा आपला नरसिंह न्यायला हवा होता. धड माणसाचं, तोंड सिंहाचं, नखं वुल्व्हरिनच्याही आधीची. बाहुली म्हणाल की खेळणं? हिरण्यकशिपूने वर मागितला तो तरी काय होता? माणसाकडून नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको. हुबेहूब कस्टमची अनुसूची. आणि खांबातून जे प्रकट झालं ते कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

आम्हा लहान माणसांना खांबातून काही मिळत नाही, आम्हाला सुटकेसमधून मिळतं. हौशी संग्राहकाची खरी आयातव्यवस्था नातेवाईकांवर चालते. न्यू जर्सीत माझी मावसबहीण असते. ती निघायची तारीख कळली की मी आवाज बदलून फोन करतो. "कशी आहेस? सामान किती आहे?" या दोन वाक्यांत फार अंतर ठेवायचं नसतं. परत जाताना तिच्या बॅगेत दोन किलो भाजणी, मेतकूट आणि आईच्या हातचा गोडा मसाला जातो. पुढच्या खेपेला त्याच जागेतून एक ब्लिस्टर कार्ड येतं, कोपरे दुमडू नयेत म्हणून साडीत गुंडाळलेलं. प्रवाशाला त्या वेळी 50,000 रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त आणता येई आणि बहीण काटेकोर असल्याने एवढ्याच मर्यादेत आणत असे. भाव मात्र आमचा ठरलेला आहे: किलोभर भाजणीला एक आकृती, मसाला असेल तर तिची गाडीसुद्धा.

टपालाने भेट पाठवायची सोय पूर्वी होती. 5,000 रुपयांपर्यंतची भेटवस्तू करमुक्त यायची. डिसेंबर 2019 मध्ये ती बंद झाली. भेट म्हणून काही आणायचं तर पूर्ण कर भरा, अपवाद दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखी फक्त, राखीबरोबरची भेट नाही. ज्या कुणी अधिकाऱ्याने हे कलम लिहिलं त्याला बहीण असणार, आणि भेटी पाठवणारी असणार. मी बहिणीला विचारून पाहिलं, की छोट्या मोटारीला रेशमी दोरा ओवला तर ती राखी होईल का. ती म्हणाली, "दादा, तू पंचेचाळीशीला आलास."

या सगळ्यात एक शिपाई राहिला.

तो माझ्या कपाटात सर्वांत वरच्या फळीवर असतो. पावणेचार इंच उंच, जी. आय. जो. मालिकेतला, पण जन्म गोव्याचा. आपल्याकडे 2001 पर्यंत चैनीच्या परदेशी वस्तू सहज आत येत नसत. परदेशी खेळणं पाहायचं तर ते कुणाच्या तरी दुबईच्या काकांकडे. त्याच काळात फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोकडून साचे घेऊन गोव्यात हे शिपाई करायला सुरुवात केली. साचे अमेरिकन, पण रंग बऱ्याचदा भलतेच. अमेरिकेत जो खाकीत वावरायचा तो आपल्याकडे गणपतीच्या मखरासारखा सजून यायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, शिपायाने रंगीत का असू नये? हा मला दहाव्या वाढदिवसाला मिळाला. अशा आकृत्यांचं कमरेवरचं आणि कमरेखालचं शरीर आतून एका काळ्या रबरी कडीने जोडलेलं असतं. बारा-पंधरा वर्षांत ती कडी वाळते, तुटते आणि शिपायाचे दोन तुकडे होतात. माझ्या शिपायाचे झाले तेव्हा मी त्याला खिशात घालून नळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर वॉशरचा डबा ओतला, आम्ही दोघांनी मिळून सहा वॉशर घालून पाहिले, सातवा बसला. दोन रुपये. "कुठल्या नळाचा आहे?" त्याने शेवटी विचारलं.

तर त्या बंद दारांमुळे, त्या चुकलेल्या रंगांमुळे, हेच गोवेकर शिपाई आता अमेरिकेत दुर्मीळ समजले जातात. तिकडचे लोक शोधत असतात. ओहायोतल्या एका गृहस्थाने गेल्या वर्षी माझ्याकडे त्याची मागणी केली आणि जी किंमत देऊ केली ती ऐकून बायको प्रथमच म्हणाली, "गुंतवणूक होती हं खरंच." मी हो म्हणून बसलो. शिपायाला फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, खोक्यावर पत्ता लिहिला आणि ऑगस्टच्या शेवटी पोस्टात गेलो.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला आणि खोकं परत सरकवलं. "अमेरिका बंद आहे."

अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून काढून टाकली, हा कर कुणी, कुठे, कसा गोळा करायचा हे कुणालाच कळेना, आणि आपल्या टपालखात्याने तिकडची पार्सलं थांबवली. वर भारतीय मालावर 50 टक्के कर बसला होता. आयुष्यभर मी येणाऱ्या मालावर रडलो, आता जाणाऱ्या मालावर ओहायोत कुणीतरी रडणार होतं. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

"आत आहे तरी काय?" बाईंनी विचारलं.

"बाहुला," मी म्हटलं. माझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच गेला.

"मुलीचा?"

"माझा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चालू झालं की या."

15 ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झालं. ओहायोच्या गृहस्थाचे दोन मेल येऊन गेले, बायकोही अधूनमधून विचारते. मी दोघांनाही सांगतो, की तिकडचं अजून काही खरं नाही, दर रोज बदलतायत, थोडं थांबू. खोकं वरच्या फळीवर आहे. मागच्या रविवारी मी ते हळूच उघडून पाहिलं. वॉशर अजून घट्ट आहे.