खारपाणपट्ट्यातील साधकासाठी आरोग्याहाराचा विधी

आरोग्याहाराची लाट, म्हणजे एखादा खाद्यपदार्थ अकस्मात सर्व रोगांवर गुणकारी ठरणे व तितक्याच अकस्मात विस्मृतीत जाणे, ही अमरावतीपर्यंत येऊन ओसरते असा समज रूढ असला, तरी भातकुलीतील साधकाने त्यामुळे हताश होऊ नये. पुढील पथ्ये पाळल्यास तोही या लाटेत सहज वाहून जाऊ शकतो.

पहिले पथ्य अंतराचे आहे. पदार्थ जितका दुरून येतो तितका तो गुणकारी, हा या शास्त्राचा मूलसिद्धान्त असल्यामुळे वऱ्हाडी मातीत उगवणारे जवस त्यात बसत नाही आणि मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडील चिया बरोबर बसतो. दोहोंच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धाम्लाचा, असतो, ही बाब साधकाने मनावर घेऊ नये. जवस भाजून लसूण-तिखटासह कुटावे लागते, आणि कुटल्यामुळेच त्याचे टणक कवच फुटून आतले तेल अंगी लागते; चिया मात्र नुसता भिजत टाकला की बुळबुळीत होतो व तो गिळताना औषध घेतल्याचे जे समाधान लाभते, ते जवसाच्या चटणीतून लाभत नाही, कारण चटणी चवीला चांगली लागते.

ज्वारीच्या बाबतीत कालगणना सांभाळावी. कपाशी, सोयाबीन आणि रानडुकरे यांच्यापुढे विदर्भातील ज्वारीचा पेरा आक्रसत गेला, आणि घरात गहू आल्यावर भाकर ही गरिबीची खूण मानली गेली. त्या काळात ज्वारी खाल्लेल्यांची गणना साधकांत होत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांना ‘पोषक धान्य’ हा दर्जा दिला, २०२३ हे वर्ष भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले (दक्षिण अमेरिकेतील किनोआला हा मान दहा वर्षे आधीच, २०१३ मध्ये, मिळून गेला होता), आणि त्यानंतर खाल्लेली ज्वारीच ग्राह्य होय. तीही ताकासोबतच्या कण्यांच्या रूपाने, म्हणजे भरडून शिजवलेल्या स्वरूपात, घेऊ नये. ‘मिलेट’ असे छापलेल्या पाकिटातून चिवड्याच्या रूपाने घ्यावी.

जेवणाच्या वेळांविषयी दोन संप्रदाय आहेत. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे घरोघरी पोहोचवलेला पहिला संप्रदाय दिवसात दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत, जेवावे असे सांगतो. ऋजुता दिवेकर यांच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा थोड्याथोड्या वेळाने थोडेथोडे खाण्यास सांगतो. जाणकार साधक दोन्हींचा समन्वय साधतो, म्हणजे दर दोन तासांनी ५५ मिनिटे जेवतो.

मिठासाठी गुलाबी खडे घ्यावेत. पाकिस्तानातील खेवडा येथील खाणीतून निघणारे व लोहाच्या अंशामुळे रंग धारण करणारे हे मीठ बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते; शिवाय त्यात सहसा आयोडीन मिसळलेले नसते, ही उणीव वैशिष्ट्य म्हणून सांगावी.

राहिला प्रश्न पाण्याचा, आणि येथे भातकुलीची योग्यता महानगरांहून मोठी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा, म्हणजे जेथील भूजल क्षारयुक्त आहे असा प्रदेश, विहिरीच्या पाण्याने शेत भिजवू देत नाही आणि तहानही भागू देत नाही. ‘अल्कलाइन वॉटर’ या नावाने, म्हणजे सामू वाढवून अल्कधर्मी केलेले, महागडे पाणी बाटलीतून पिणाऱ्यास हे सांगू नये, आणि जठरातील तीव्र आम्ल त्या अल्कतेचा घोटाभरातच निकाल लावते हेही सांगू नये. खारपाणपट्ट्यातील माणसे बाटलीचा नव्हे, नळयोजनेच्या गोड्या पाण्याचा ध्यास धरून असतात. ते आले की साधकाने भरून घ्यावे व तेच प्यावे. या विधीतील एवढा एकच सल्ला अक्षरशः पाळण्यासाठी दिलेला आहे.