येतानाच थरथरते

गाडी थरथरते अशी तक्रार धामणगाव रेल्वेत पूर्वी कोणी केल्याचं मला आठवत नाही. गाडी म्हटली की थरथरणारच. पांदणीनं वावरात जायचं, धुऱ्यावर उभी करायची, कापूस भरायचा आणि डोलत डोलत जिनिंगवर न्यायचा, एवढ्यात काय थरथरलं आणि काय नुसतंच आदळलं याचा हिशेब कोण ठेवणार? काटा चाळिशीच्या पुढं गेला तर गावात बातमी व्हायची. मग ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आमच्या तालुक्यातल्या कपाशीतून सिमेंटचा सहापदरी रस्ता गेला आणि त्यानं एकेका गाडीची पोटातली दुखणी बाहेर काढायला सुरुवात केली. रस्त्यात खड्डाच नाही म्हटल्यावर दोष ढकलायचा कुणावर?

आमच्या साळ्याची पिकप त्यातलीच. आंबिया बहाराची संत्री घेऊन तो नागपूरला कळमन्याच्या मार्केटात जातो. एकदा घरी आला आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "भाऊजी, गाडी ऐंशीले गेली का स्टेरिंग असं करते." 'असं' म्हणजे कसं, हे त्यानं करून दाखवलं. चहा माझ्या धोतरावर आला.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळं सासरी फ्यूज उडाला, विहिरीवरची मोटार जळाली किंवा म्हशीनं दूध चोरलं, तरी बोलावणं मलाच येतं.

समृद्धीवर मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा आहे आणि या गाडीनं थरथरायला नेमका तोच आकडा निवडला होता. सत्तरीला सुरुवात, ऐंशीला कळस. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर एकानं सांगितलं, नव्वदीला नेली की पुन्हा शांत होते. हे शास्त्राला धरूनच आहे. चाक आणि त्याच्या स्प्रिंगा यांची मिळून एक ठरावीक हेलकाव्याची गती असते, तिथं पोचलं की हादरे जोर धरतात आणि ती ओलांडली की ओसरतात. म्हणजे कायदा मोडणारा सुखात आणि पाळणारा थरथरत! साळ्याला हे तत्त्व एकदम पटलं. मी त्याला चलानाची रक्कम सांगितली, तेव्हा कुठं तो ऐंशीवर राहिला.

त्याच टपरीवर निदानाची सभा भरली. टायरवाला म्हणाला, अलाइनमेंट गेली. अलाइनमेंटवाला म्हणाला, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला. क्रॉस बदलणारा मिस्त्री म्हणाला, छे, चेसिसच वाकडी दिसते, वेल्डिंगवाल्याकडं न्या. वेल्डिंगवाल्यानं टायरवाल्याकडं बोट दाखवलं. आपला धंदा सोडून दुसऱ्याचा वाढवण्याची ही वृत्ती मला फार थोर वाटली. घरी आल्यावर बायकोनं सांगितलं, "कायचं थोर! त्याची सगळ्यांकडं उधारी हाये."

शेवटी उधारी नसलेला एकच उरला, वॉशिंग सेंटरचा पोरगा. उधारी नव्हती, कारण गाडी कधी धुतलीच नव्हती. त्यानं खाली वाकून चाकाच्या आतल्या बाजूला फवारा मारला, फवाऱ्यानं भागेना म्हणून खुरपं घेतलं, आणि रिममधून वावर निघायला लागलं. आमची काळी माती ओली असताना गाडीला सोडत नाही आणि वाळल्यावर रिमला. परतीच्या पावसात बागेत रुतलेली पिकप आपल्या वाटणीची जमीन घेऊनच फिरत होती.

थोडी माती एवढं काय करणार, असं साळ्याचं म्हणणं पडलं. मी सातबाराच्या झेरॉक्सच्या पाठीमागं हिशेब मांडला. चाक सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे ८० च्या वेगात ते सेकंदाला १० फेरे घेतं. रिमच्या कडेला एकाच ठिकाणी ५० ग्रॅमचं ढेकूळ चिकटलं असेल, तर ते प्रत्येक फेऱ्यात चाकाला जवळजवळ चार किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, कधी वर, कधी खाली, सेकंदाला दहादा. वेग निम्मा केला तर ओढ निम्मी नाही, पाव होते. म्हणून चाळिशीला किलोभर ओढ, आणि ती पांदणीच्या आदळआपटीत कुणाच्या लक्षात येणार? साळ्यानं कागद उलटा करून सातबारा नीट आहे ना ते पाहून घेतलं.

माती निघाली, मशीनवर चाकं बॅलन्स झाली, रिमला वजनाचे बारके तुकडे लागले. स्टेरिंग शांत झालं. पुढच्या फेरीहून आल्यावर तो म्हणाला, "आता हाताले काई नाही भाऊजी. पण ढुंगणाले लागते."

त्याच्या ताईनं डोळे वटारले. पण शब्द बरोबर होता. पुढच्या चाकांचा दोष स्टेरिंगवाटे हातात येतो. मागची चाकं, धुरा आणि शाफ्ट यांचा सीटवाटे वर येतो. ज्या अवयवाला कळतं त्यावरून अर्धं निदान होतं, आणि तो अवयव चारचौघांत सांगायची लाज वाटते म्हणून अर्धी निदानं चुकत असावीत.

पुढचं लक्षण मात्र विलक्षण होतं. जाताना काही नाही. येतानाच. नागपूर सोडलं, येळाकेळी मागं पडलं की सीटखाली भणभण सुरू. टपरीवर पुन्हा सभा. कुणी म्हणालं वारा उलटा असतो. कुणी म्हणालं, खिशात नोटा असल्या की माणूसच थरथरतो, गाडीवर कायले नाव घेता? सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली, तीही येताना थरथरली.

मी एकदा सोबत गेलो. परतताना मोकळा पट्टा पाहून त्याला ऐंशीवर गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिनाचा आवाज खाली गेला, भणभण जिथल्या तिथं. इंजिन निर्दोष सुटलं. ब्रेक हलके दाबून पाहिले, फरक नाही, ड्रमही सुटले. घरी येऊन मागची चाकं पुढं आणि पुढची मागं लावली, तरी थरथर मागंच राहिली. उरला शाफ्ट. तशीही ही थरथर चाकाची नव्हतीच. चाक सेकंदाला दहा फेरे घेतं तेव्हा शाफ्ट चाळीस-पंचेचाळीस, म्हणून चाकाची थडथड असते आणि शाफ्टची भणभण. पण शाफ्टला नागपूरहून परत येण्याचंच काय वावडं?

हे कोडं सोडवलं तळेगाव दशासरच्या एका बुढ्यानं. तळेगावचा शंकरपट आमच्याकडं कुणाला सांगावा लागत नाही, आणि या बुढ्याची हयात पटाचे बैल पारखण्यात गेलेली. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा त्याची नजर रिकामी झाली आणि गाड्यांकडं वळली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, पण सवय काही गेली नाही. पिकपच्या मागं उभा राहून तो बराच वेळ बिडी ओढत होता.

"जाताना भरली रायते अन् येताना रिकामी, हो ना?"

"हो ना बुवा."

"मंग पायात कायले पाहून राह्यले? जो बैल वझ्याखाली सरका चालते अन् मोकळा सोडला का वाकडा, त्याच्या पाठीत रायते. पाठ पाहा."

पाठ पाहिली. मागच्या कमानीत दोन पाटे जास्तीचे. कापसाचं वझं जास्त नेता यावं म्हणून साळ्यानं ते बसवून घेतले होते आणि इतक्या निदानांत ही गोष्ट त्याला सांगण्यासारखी वाटली नव्हती. रिकामी असली की गाडी मागून उचलली जाई, शाफ्टचा कोन वाढे, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे राहत नसत. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस वाकड्या कोनात फिरला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढीच उलटी खोडी काढून हिशेब मिटवतो, पण कोन सारखे असतील तरच. संत्री भरली की मागचा भाग खाली बसे आणि भांडण मिटे.

आता मला राहवेना. रॉबर्ट हूक या इंग्रजानं १६७६ साली छापलेल्या एकाच पुस्तकात हा जॉइंटही सांगितला आहे आणि स्प्रिंगचा सुप्रसिद्ध नियमही. नियम मात्र कुणी चोरू नये म्हणून अक्षरांची सरमिसळ करून छापला आणि दोन वर्षांनी उकल केली. म्हणजे पाटा हूकचा, क्रॉसही हूकचा, आणि दोघांची जुंपली आमच्या पिकपखाली! न्यूटनशी ज्याचं जन्मभर पटलं नाही, त्याचं स्वतःशी तरी कसं पटावं? हे मी भर टपरीवर सविस्तर सांगितलं. बुढ्यानं बिडी विझवली आणि विचारलं, "थो बैल ठेवे का?"

मिस्त्रीनं साधा उपाय सांगितला, वाढीव पाटे काढून टाका. साळा हबकला. "पाटे काढले तं कापूस काय डोक्यावर नेऊ?" रात्रभर विचार करून त्यानं स्वतःचा तोडगा काढला. रिकामी गाडी थरथरते ना, मग रिकामी आणायचीच नाही. आता येताना तो नागपूरहून कुणाची ढेप आणतो, कुणाच्या फरश्या, कुणाचं लोखंडी कपाट. भाड्याच्या पैशांतून टायरवाल्याची उधारी फिटली, वेल्डिंगवाला आता त्याला चहा पाजतो. पाटे जिथल्या तिथं आहेत. ते काढ म्हणून मी सांगत असतो, तो हो म्हणत असतो.

परवा सकाळी आला तो वेगळ्याच विचारात. संत्री न्यायची होती, परतीचा माल काही मिळाला नव्हता. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"भाऊजी, तुमचं वजन किती हो?"

"बासष्ट. काहून?"

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली आणि स्वयंपाकघराकडं पाहत हाक मारली, "ताई, तूबी चाल वो संगं!"