अनुभव आहे, पण ग्राह्य नाही

दिव्यांग मुलांना शिकवण्याची हौस आपल्या देशात महाग पडू शकते. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ याच्या कलम १३नुसार परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना विशेष शिक्षक म्हणून काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या मुलांना अजिबात न शिकवणाऱ्याला मात्र कलम लागत नाही. त्यामुळे बहुसंख्य जनता कायद्याच्या चौकटीत सुखाने नांदते आहे.

हेतू चांगलाच होता. कोणीही उठून पाटी लावावी आणि पालकांनी त्याच्यावर विश्वास टाकावा, हे थांबायला हवे होते. पण कायदा आला तेव्हा एक अडचण निघाली: माणसे आधीपासूनच शिकवत होती. पदवी-पदविकेचा कागद नव्हता, वर्गात मुले मात्र होती. परिषदेने अशांसाठी एक महिन्याचा ब्रिज कोर्स काढला आणि कित्येकांचे घोडे गंगेत न्हाले.

नोंदवहीत नाव आले की सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळतो. तो जिवंत ठेवायचा तर पाच वर्षांत सीआरईचे, म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाचे, १०० पॉइंट जमवायचे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बोटांत पेन्सिल टिकावी म्हणून सहा महिने खपलात, तर पॉइंट शून्य. त्याच विषयावरच्या मान्यताप्राप्त कार्यशाळेत दिवसभर खुर्चीत बसलात, तर पॉइंट जमा. शिकवून ज्ञान वाढते, असे गृहीत धरण्याइतकी परिषद भोळी नाही.

आता समजा, एक बाई आहेत. कर्णबधिर प्रवर्गातली विशेष शिक्षणाची पदविका, सीआरआर नंबर चालू, आणि गटसाधन केंद्रात कंत्राटी विशेष शिक्षक म्हणून तालुकाभर फिरती. आज या वाडीवर, उद्या त्या वस्तीवर, परवा शिबिराला. वीसेक वर्षांचा अनुभव फायलीत बांधून त्या वेतनश्रेणीसाठीच्या पडताळणीला जातात.

‘मॅडम, हे प्रमाणपत्र सर्व शिक्षा अभियानाचं आहे.’

‘हो. तेव्हा तीच योजना होती.’

‘ती २०१८ला संपली. आता समग्र शिक्षा आहे.’

‘पण साहेब, शाळा त्याच आहेत, काम तेच आहे.’

‘असेल. लेटरहेड वेगळं आहे. आणि सेवेत हे खंड कसले?’

‘तांत्रिक खंड. प्रत्येक ऑर्डर संपली की तुमच्याच कार्यालयाने दिलेले.’

‘आम्ही दिले असतील. पण दिसतायत तुमच्या सेवेत.’

तांत्रिक खंड ही आपल्या प्रशासनाची अस्सल निर्मिती. ऑर्डर संपते, एक-दोन दिवस बाई कोणीच नसतात, मग नवी ऑर्डर येते आणि बाई पुन्हा शिक्षिका होतात. सलग सेवेचा दावा कोणी करू नये, एवढ्यासाठी ही सोय. योजनांचे नामांतर त्या सोयीला हातभार लावते. १९७४ साली अपंग एकात्म शिक्षण योजना आली, २००१च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान, २००९ साली माध्यमिक शाळांसाठी अपंग समावेशित शिक्षण योजना, २०१८ साली समग्र शिक्षा. दर बारशाला मागच्या जन्मीची पुण्याई वजा.

प्रवर्गाची कथा निराळी. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले. बाईंची पदविका एकाच प्रकारची राहिली. तालुक्यात स्वमग्न मूल सापडले, अंध मूल सापडले, बहुविकलांग मूल घरीच पडून असल्याचे कळले, तर निरोप बाईंनाच. काम वाटताना ‘तुमचा प्रवर्ग कोणता?’ असे कोणी विचारत नाही. तो प्रश्न वेतनश्रेणीच्या टेबलासाठी राखून ठेवलेला असतो.

बाईंनी प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचे ठरवले, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा (एनसीटीई) २०१० सालचा नियम तयार आहे: विशेष डीएड किंवा विशेष बीएड झालेल्याने नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा खास अभ्यासक्रम करावा. सामान्य मुलांना शिकवणे अवघड असते, हे मान्यच. उलट दिशेने, म्हणजे सामान्य शिक्षकाला दिव्यांग मुलासमोर उभे करायचे असेल, तर शिक्षकांसाठीच्या सरकारी ‘निष्ठा’ प्रशिक्षणातला समावेशक वर्गाचा ऑनलाइन पाठ आहे. तो काही तासांत होतो, आणि ‘नेक्स्ट’चे बटण लवकर सापडले तर त्याहून लवकर.

सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्राला प्रमाण ठरवायला सांगितले आणि केंद्राने ते सप्टेंबर २०२२मध्ये ठरवले: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. मार्च २०२५मध्ये न्यायालयाने पुन्हा पाहिले, तर बऱ्याच राज्यांनी पदे किती लागतील हेही ठरवले नव्हते, आणि काही ठिकाणी कंत्राटी शिक्षक सुमारे वीस वर्षे काम करत होते. तेव्हा राज्यांना पदे जाहीर करायला तीन आठवड्यांची मुदत मिळाली. कंत्राटींसाठी तीन सदस्यांची छाननी समिती नेमायचे ठरले: राज्याचे दिव्यांग आयुक्त, शिक्षण सचिव आणि पुनर्वास परिषदेचा तज्ज्ञ. वयाची अट सैल करण्याची मुभा देण्यात आली आणि पात्र ठरणाऱ्यांना वेतनश्रेणी द्यायला सांगितले गेले, तीही पुढच्या काळापासून. मागची वर्षे सेवाभावाच्या खाती.

महाराष्ट्राने थोडी आघाडी घेतली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा आणि जवळपास तीन हजार कंत्राटी विशेष शिक्षकांचे त्यांवर समायोजन करण्याचा निर्णय झाला. इतक्या वर्षांचा अनुभव आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात एकदम नजरेत भरला. पडताळणी, मूळ प्रती आणि स्वसाक्षांकित संच अर्थातच मागोमाग आले.

खरे तर पुरावा कार्यालयाच्याच कपाटात आहे. मुख्याध्यापकांच्या सह्यांच्या फिरती दैनंदिन्या, मोजमाप शिबिरांच्या याद्या, एकेका मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीकोशात दिव्यांग मुलांचा जो आकडा भरला जातो, त्याच्या बुडाशी अशाच बाईंनी दारोदार फिरून केलेले सर्वेक्षण असते. समग्र शिक्षेत दर दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे आणि निधीची मागणी याच आकड्यांवर जाते. निधी मागताना यादी ग्राह्य असते, ती करण्यात गेलेली वर्षे नसतात. छाननी समितीने ही यादी पुढे ओढली, तर पडताळणी एका दुपारी उरकेल. फक्त यादी बाईंनीच केली, हे सिद्ध व्हायला हवे. यादीखाली सही बाईंचीच आहे. पण ती स्वसाक्षांकित नाही.