अंतिम, सुधारित अंतिम आणि खरोखरच अंतिम

एका सरकारी कार्यालयात ‘ज्ञान व माहिती व्यवस्थापन आराखडा समिती’ बसली. समितीला कामासाठी तीन महिने मिळाले आणि पहिली बैठक चहाबिस्किटांसह वेळेवर पार पडली. विषय क्रमांक एक : याच कामासाठी नेमलेल्या आधीच्या समितीचा अहवाल शोधणे.

अहवालाचं पत्र सापडलं. जावक क्रमांक आहे, सही आहे, शिक्का आहे, तळाशी ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असंही लिहिलंय. फक्त सोबत काही नाही. सदस्यांनी पत्र उलटून पाहिलं, टाचणीची दोन भोकं सापडली. ती समितीने पुरावा म्हणून स्वीकारली.

कागद सांभाळायची पद्धतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्या कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, मग नियतकालिकं, मग स्थायी आदेश. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायचा आणि सहावा नष्ट करायचा. कागदांनाही अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘अ’ कायमचा जपायचा, ‘ड’ची वर्षभरात वाट लावायची. व्यवस्था इतकी सुंदर, की ती राबवायला एक ‘गठ्ठेबांधणी सप्ताह’ पुरतो. सप्ताह संपला की सगळे गठ्ठे एकाच कपाटावर चढतात आणि कपाटाची किल्ली कार्यालयातले जुने कारकून भाऊसाहेब यांच्याकडे जाते.

भाऊसाहेब म्हणजे सातवा गठ्ठा. कोणती जमीन कुठल्या वादात, कोणत्या ठेकेदाराची अनामत अडकलेली, कोणत्या साहेबांनी कशावर ‘चर्चा करा’ असा शेरा मारून पुढे चर्चाच केली नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. साहेब तीन वर्षांनी बदलतात. नव्या साहेबांना कार्यालय काय आहे ते भाऊसाहेब सांगतात, म्हणजे जेवढं सांगायचं तेवढं सांगतात.

कायदे म्हणाल तर कागदांच्या कुंडलीत 2005 हे साल राजयोगाचं. माहिती अधिकार कायदा त्याच सालचा. अभिलेखांची सूची करा, अनुक्रमणिका करा, शक्य तिथे संगणकावर घ्या, हे त्याच्या कलम 4 मध्येच सांगितलंय. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही 2005चाच. त्यात अभिलेख नियमबाह्य नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अडचण एवढीच, की फाइल हरवली हे सिद्ध करायला ती कधीकाळी होती याचा कागद लागतो आणि तो त्याच फाइलमध्ये असतो. तिसरा कायदा बदल्यांचा आणि दिरंगाईचा : एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडकू नये. हरवलेली फाइल कुणाकडेच नसते. तेव्हा या कायद्याचं पालन शंभर टक्के.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल आजही बांधलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडक कागदांचे 45 खंड काढले. अठराव्या शतकातला खर्च आज तपासता येतो, पण मागच्या आर्थिक वर्षातल्या झेरॉक्सच्या बिलाचा पत्ता लागत नाही. पेशव्यांच्या कारकुनांकडे संगणक नव्हता, हे त्याचं कारण असावं.

आता संगणक आहे. समितीने पहिल्या झटक्यात सगळं स्कॅन करून घेतलं. एजन्सीने इमानदारीने पानामागून पान स्कॅन केलं आणि फाइलींना ‘स्कॅन-1’पासून पुढे नावं दिली. सूची करणं निविदेत नव्हतं. पूर्वी गठ्ठ्यावर निदान खडूने गावाचं नाव असायचं. आराखड्याचा मसुदाही याच संगणकात आहे. ‘अंतिम’, ‘सुधारित अंतिम’, ‘अंतिम साहेबांनी पाहिलेला’ आणि ‘हाच घ्या’ अशा चार प्रतींत. मंजूर कोणता झाला याचा निर्णय व्हॉट्सॲप ग्रुपवर झाला होता. तो शुभ सकाळच्या गुलाबांखाली कुठेतरी आहे, आणि ज्यांनी तो टाकला त्यांनी मोबाइल बदलला.

एका तरुण सदस्याने चंद्रावर उतरल्याच्या टेप नासाने पुसून पुन्हा वापरल्या, असा दाखला दिला. तो खरा आहे : 1969च्या त्या मूळ टेप पुसल्या गेल्या असाव्यात, असं नासाने 2009 मध्ये जाहीर केलं. इतिवृत्तात ‘आंतरराष्ट्रीय दर्जाशी समकक्ष’ अशी नोंद झाली.

दरम्यान भाऊसाहेब निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, फोटो सगळं यथासांग झालं. कपाटाची किल्ली त्यांनी दिली, संगणकाचा पासवर्ड विचारायचं राहून गेलं. सध्या ते मुलाकडे न्यू जर्सीत आहेत आणि उठल्यावर चहा होईपर्यंत फोन घेत नाहीत. त्यामुळे कार्यालयाचं महत्त्वाचं कामकाज हल्ली संध्याकाळी साडेसहानंतर सुरू होतं.