पर्वतावर धूर, सातबाऱ्यावर पडीत

तर्कशास्त्राचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न विचारणाऱ्यांचा बहुधा असा समज असतो की सरकारी कारभारात तर्काचा दुष्काळ आहे आणि तर्क शिकलेला मनुष्य तेथे गेल्यास काही तरी ओल येईल. परंतु भंडारा-तुमसर रस्त्यावरील मोहाडी या तालुक्याच्या गावी, चौंडेश्वरीचे नवरात्र उठून हलके धान कापणीला आल्यानंतर आणि चुरणे आटोपून पोती आधारभूत खरेदी केंद्रासमोर येऊन पडल्यानंतर, जो कोणी रांगेत शांतपणे उभा राहील त्याला हा समज मुळातच उलटा असल्याचे आढळून येईल. तेथे तर्क कमी नाही, जरा जास्तच आहे.

आकारिक तर्कशास्त्र, म्हणजे विधानांच्या आशयाकडे न पाहता केवळ त्यांच्या मांडणीवरून अनुमानाची पारख करणारे शास्त्र, महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत शिकवले जाते, आणि त्याचा पहिलाच धडा असा की अनुमान ‘वैध’ असणे ही एक गोष्ट आणि निष्कर्ष ‘सत्य’ असणे ही दुसरी. गृहीतके खोटी असली तरी त्यांच्यापासून निष्कर्ष बिनचूक निघत असेल तर अनुमान वैधच राहते. हा धडा विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतात, कार्यालये मात्र विसरत नाहीत. ज्याच्या सातबाऱ्यावर धानाचा पेरा नाही त्याच्याकडे धान नाही. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर धानाचा पेरा नाही. म्हणून त्याच्याकडे धान नाही. ॲरिस्टॉटलने हा पेपर तपासला असता तर पूर्ण गुण दिले असते, आणि शेतकरी ज्या थप्पीला टेकून उभा आहे ती धानाचीच आहे या कारणासाठी त्यातला अर्धा गुणही कापला नसता. पेरा का नाही, याचे उत्तरही तितकेच तर्कशुद्ध आहे: 15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र चढवायचे असते, रोवणीनंतरच्या झडीत बांधावर चिखल भरपूर आणि नेट बेताचे असते, आणि छायाचित्र चढले नाही की पोटरीला आलेली बांधी कागदावर पडीत ठरते.

येथे प्राचीन भारतीय न्यायदर्शनाची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण गौतमाच्या न्यायसूत्रांची परंपरा नेमक्या याच ठिकाणी अडून बसते. या परंपरेत प्रमाणे, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याची साधने, चार मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियांनी जे कळते ते प्रत्यक्ष, धूर पाहून डोंगरावर अग्नी असल्याचे ठरवणे हे अनुमान, माहीत असलेल्या वस्तूच्या सादृश्यावरून अनोळखी वस्तू ओळखणे हे उपमान, आणि विश्वासू माणसाचे वचन तो शब्द. पुढे न्यायाच्या अभ्यासकांनी हेत्वाभासांची, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या पण हेतू नसलेल्या गोष्टींची, जी यादी केली तिच्यात ‘बाधित’ नावाचा एक दोष आहे, आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचे उदाहरण म्हणून अग्नी हे द्रव्य असल्यामुळे तो उष्ण नसतो असे अनुमान दिले आहे. मांडणी कशीही असो, हात पोळला की असे अनुमान संपते. मोहाडीच्या रांगेत मात्र प्रमाणांचा क्रम बदललेला असून शिक्का मारलेला शब्द पहिला, त्याची झेरॉक्स दुसरी, आणि प्रत्यक्ष हे प्रमाण रांगेच्या शेवटी, बहुधा उन्हात, उभे असते. हयातीचा दाखला मागणाऱ्या खिडकीसमोर स्वतःच्या पायांनी चालत आलेला निवृत्तिवेतनधारक हा न्यायशास्त्राच्या दृष्टीने प्रत्यक्षाचा केवढा भक्कम पुरावा! पण दाखल्यावाचून त्याचे असणे ही निव्वळ एक प्रतिज्ञा, म्हणजे अजून सिद्ध व्हावयाचे विधान, एवढीच राहते.

निग्रहस्थानांचे प्रकरण तर मोहाडीत बसूनच लिहिले असावे अशी शंका येते. वादात ज्या ठिकाणी वादी पकडला जातो आणि हरला असे जाहीर करता येते त्या ठिकाणाला निग्रहस्थान म्हणतात, आणि न्यायसूत्रांत अशी 22 ठिकाणे मोजली आहेत. त्यांतले एक हेत्वंतर: दिलेला हेतू टिकत नाही असे दिसताच त्याला शेपूट जोडणे. धान घेता येत नाही, कारण ओलावा 17 टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. शेतकरी दोन दिवस ताडपत्रीवर धान वाळवून परत येतो तेव्हा ओलावा उतरलेला असतो पण बारदाना संपलेला असतो. बारदाना येतो तेव्हा गोदाम भरलेले असते. गोदाम रिकामे होते तेव्हा खरेदीची मुदत संपलेली असते, आणि मुदतवाढीचे पत्र येते तेव्हा पोत्यातल्या धानावर पाऊस पडून ओलावा पुन्हा 17च्या वर गेलेला असतो, म्हणजे हेतू फिरून मूळ जागी येतो व चक्र पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. दुसरे अविज्ञातार्थ: तीन वेळा सांगूनही सभेला किंवा प्रतिपक्षाला कळू नये असे बोलणे. शासन निर्णयाची मराठी ज्याने एकदा तरी वाचली आहे त्याला या संज्ञेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. सूत्रकाराने मर्यादा तीनच वेळांची ठेवली, हा त्याचा भाबडेपणा. तिसरे विक्षेप, आणि ते सर्वांत सुंदर आहे: आपला पक्ष पडतो आहे असे दिसताच दुसरे काम असल्याचे निमित्त सांगून वाद मध्येच सोडून जाणे. साहेबांच्या मीटिंगविषयी सूत्रकार काही बोलत नाही, पण तिला जागा त्याने दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.

फरक इतकाच की न्यायशास्त्रात निग्रहस्थानी सापडलेला हरतो आणि रांगेच्या व्यवहारात तोच जिंकतो. शास्त्राने वादी, प्रतिवादी आणि दोघांचे ऐकून निवाडा देणारा मध्यस्थ अशी तीन माणसे गृहीत धरली होती. खिडकीला दोनच बाजू असतात.

व्याप्तीची, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ अशा नियत साहचर्याची, कथा धानाच्या बोनसमध्ये पाहावी. पूर्वी आधारभूत किमतीवर क्विंटलमागे 700 रुपये आणि तेही 50 क्विंटलपर्यंत, असा हिशेब होता, म्हणजे जेथे विकलेले धान तेथे बोनस ही व्याप्ती साधी आणि शेतकऱ्याला पाठ होती. 2022-23च्या हंगामापासून क्विंटल गेला आणि हेक्टर आला: दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी 15 हजार आणि पुढल्या हंगामात 20 हजार, अट नोंदणीची, विक्रीची नव्हे. नैयायिकांनी धुराशिवाय असणाऱ्या अग्नीचे उदाहरण म्हणून लोखंडाचा तापलेला गोळा शोधून काढला होता. विकल्याशिवाय मिळणारा बोनस हा त्याच जातीचा शोध असून तो अधिक ऊबदार आहे, हे मान्य केले पाहिजे. शिवाय कागदावर त्याला बोनस न म्हणता ‘प्रोत्साहनपर रक्कम’ म्हणतात, तर पारावर तो बोनसच राहतो. आणि शब्दाच्या दोन अर्थांवर खेळून समोरच्याला चकवणे याला न्यायसूत्रांत वाक्छल असे नाव आहे. त्याचे जुने उदाहरण ‘नव कंबल’ हे, नवे कांबळे की नऊ कांबळी? निवडणुकीच्या वर्षी बहुधा नऊ, आणि चुकारे जमा होण्याच्या वेळी बहुधा एकच, तेही जुने.

नागपुरातून दि. य. देशपांडे यांनी 1990 साली जे विवेकवादी मासिक सुरू केले आणि जे पुढे ‘आजचा सुधारक’ या नावाने ओळखले गेले, त्या परंपरेने ईश्वर आणि फलज्योतिष यांच्याकडे प्रमाणे मागितली, ही विदर्भाला भूषणावह गोष्ट आहे. शिक्क्याकडे प्रमाण मागण्याइतका कडवा नास्तिक मात्र अजून जन्मायचा आहे.

तालुक्याच्या तरुण पिढीने तर्काची उपयुक्तता वेगळ्या मार्गाने ओळखली असून अभ्यासिकांत तो ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या नावाने पहाटेपासून घोकला जातो. 2023च्या तलाठी भरतीला चार हजारांहून अधिक जागांसाठी दहा लाखांच्या वर अर्ज आले, परीक्षा 200 गुणांची झाली, आणि निकालात एका उमेदवाराला 214 गुण मिळाले. वेगवेगळ्या पाळ्यांतील प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी समान मानण्यासाठी गुणांवर केलेल्या संस्काराला सामान्यीकरण म्हणतात, आणि हे गुण त्याचे फळ आहेत, असा खुलासा त्या वेळी झाला. खुलासा वैध होता. पूर्ण हा आपल्या अंशापेक्षा मोठा असतो असे मानणाऱ्यांनीच काय ते आपले गृहीतक तपासून पाहायचे.

या चाचणीतला एक ठरलेला प्रश्न नात्यांचा असतो: चित्रातील माणसाकडे बोट दाखवून कोणी तरी म्हणते की हा माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा, तर दोघांचे नाते काय? शंभर प्रश्नांना 120 मिनिटे असल्यामुळे उत्तरासाठी 72 सेकंद मिळतात, आणि जो ते अचूक देतो तो पुढे तलाठी म्हणून सज्जावर रुजू होतो. काही दिवसांनी त्याच्यासमोर आजोबांच्या एकुलत्या एका मुलाचा एकुलता एक मुलगा, हातात आजोबांच्या नावाचा सातबारा घेऊन, वारस फेरफारासाठी येऊन उभा राहतो. तेव्हा वंशावळीचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते, पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि या नात्यावर गावात कोणाची हरकत आहे का, याची वाट पाहिली जाते.